तिसऱ्या तळ्याच्या पायऱ्या

बाबांना जाऊन पाच आठवडे होतात न होतात तोच त्यांच्या गोष्टींना मागणी आली. संघटनेच्या कारकुनाने ते फोनवर अशा सुरात सांगितलं, की जणू बाबांच्या मागे एखादी जुनी सायकल राहिली आहे आणि कोणीतरी ती घेऊन जायची आहे.

"तीन गोष्टी आहेत मास्तरांच्या नावावर. तीन तळी, तीन गोष्टी. तुम्ही येऊन सही केलीत की त्यांच्या चेल्याला सांगता येतील. तोवर तो तोंड शिवून बसलाय. आणि ताई, तो तोंड शिवून बसला की त्याच्याकडे बघवत नाही हो."

त्या जुन्या राजधानीभोवतीची तळी दाखवणाऱ्या गाईडांचा हा नियम होता. कोणत्या राजाने कोणतं तळं कधी बांधलं, बांध किती लांब, पाणी किती खोल, हे कोणीही सांगावं. तो इतिहास, तो सगळ्यांचा. गोष्ट मात्र ज्याची त्याची. एकाने रचलेली गोष्ट दुसऱ्याने सांगितली तर त्याला महिनाभर फेरी मिळत नसे. गाईड मेला की त्याच्या घरच्यांनी कागदावर सही करून ती गोष्ट कोणाच्या तरी हवाली करायची. नाहीतर ती मेली.

मास्तरांची मुलगी सकाळच्या गाडीने आली. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. कारकुनाने पुढे सरकवलेला कागद तिने सवयीने दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"गोष्टी कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"वाचल्याशिवाय सही नाही करत मी."

कारकून हसला. "अहो, लिहिलेल्या थोड्याच असतात? तोंडी कारभार आहे आमचा."

"मग ऐकते."

भिंतीला टेकून उभा असलेला चेला एकदम ताठ झाला. तिशीचा, काटकुळा, अंगात दोन मापं मोठा कोट. सगळे त्याला रेडिओ म्हणत. "दहा वाजताची बस आहे, ताई. अकरा माणसं आहेत. चला की! मास्तरांची मुलगी एकदाही फेरीला आली नाही, असं कुठे असतं का?"

असं होतं खरं. ती वाढली आत्याकडे, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. बाबा महिन्यातून दोन दिवस यायचे, खिशात पेन्सिली घेऊन. सुट्टीत तिने हट्ट धरला की म्हणायचे, "पाण्यात काय बघायचंय?" चाळीस वर्षं जगाला तेच पाणी दाखवणाऱ्या माणसाने असं म्हणावं, याचं तिला कधी नवल वाटलं नाही. धंद्याचा कंटाळा घरी येतोच, असं ती धरून चालली होती.

आई तापाने गेली, एवढंच तिला माहीत होतं. ती साडेतीन वर्षांची असताना. आईच्या म्हणून तिच्याकडे तीनच गोष्टी होत्या. एक फोटो, त्यात हसणाऱ्या आईच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. दुसरी एक सवय: बाबा कुठेही कोट काढून ठेवताना उलटी घडी घालायचे, अस्तर बाहेर, म्हणजे धूळ अस्तराला लागते, कोटाला नाही. "तुझ्या आईचं हे," असं एकदाच म्हणाले होते. आणि तिसरं एक नाव. आत्या सांगायची, "तुझी आई तुला भिंगरी म्हणायची. एका जागी ठरायची नाहीस ना." आत्याने किंवा बाबांनी त्या नावाने तिला कधी हाक मारली नाही.

पहिलं तळं शहराला लागूनच होतं. बांधावरून रस्ता, रस्त्यावर गाड्या, खाली हिरवट पाणी आणि पाण्यात तरंगणाऱ्या बाटल्या. रेडिओने गोष्ट सुरू केली. आवाज त्याचा होता, पण थांबण्याच्या जागा बाबांच्या होत्या. वाक्याच्या मधे खोकल्यासारखं करून थांबणं, माणसांनी माना पुढे केल्या की मगच पुढचा शब्द सोडणं. आळशी राजाची गोष्ट होती. त्याला शिकारीला जायचा कंटाळा, म्हणून जनावरांनाच आपल्याकडे पाणी प्यायला आणण्यासाठी त्याने तळं खोदवलं, आणि पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांत आधी प्यायला आले ते शेजारच्या राजाचे घोडे, वर स्वार बसलेले. लोक हसले. तीही हसली, आणि मग तिला रुमाल काढावा लागला.

"मास्तरांनी ही माझ्याकडून पाठ करून घ्यायला चार महिने लावले," बसमध्ये रेडिओ म्हणाला. "म्हणायचे, तू फार भरभर सांगतोस, तुझ्या मागे काय कुत्रं लागलंय?"

दुसरं तळं अर्धं आटलेलं होतं. मधला महाल चिखलात उभा होता, त्याच्या कमानीतून गुरं येत-जात होती. गोष्ट छोटी होती, एका बहिऱ्या गवंड्याची. ती नीट ऐकत होती. मनातल्या मनात तिने दोन्ही गोष्टींपुढे बरोबरची खूण केली होती. बाबांचं असं काहीतरी आपल्या हाती येतंय, जे आपण वाचू शकतो, याचं तिला बरं वाटत होतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

तिसरं तळं डोंगरांच्या कुशीत होतं. हेच ते, चित्रांतलं. समोरच्या काठावर राजवाड्याची भिंत पाण्यातून सरळ वर गेलेली, अलीकडे रुंद दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या वर खांबांचा सज्जा. पाणी इतकं शांत होतं, की भिंतीला दोन माथे आहेत असं वाटावं.

"इथे प्रतिध्वनी येतो म्हणे," गटातले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले. तोंडापुढे हात धरून ते तयारच होते.

"येतो साहेब, एक नंबर येतो. पण आमच्या मास्तरांच्या गटात इथे कोणी ओरडायचं नाही. नियम आहे."

"का बुवा?"

"राणीची झोपमोड होते," रेडिओ म्हणाला, आणि गोष्ट सुरू झाली.

एक राणी होती. मोठ्या घरची नव्हती, साध्या घरची होती. राजा दिवसभर पाहुण्यांत गुंतलेला, गोडबोल्या, सगळ्या जगाशी बोलायचा आणि घरी आला की त्याच्याकडे शब्द उरायचे नाहीत. राणी दिसायला फार देखणी होती असंही नाही. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता.

तिने रेडिओकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत बोलत होता.

एक दिवस राणी मुलीला घेऊन या पायऱ्यांवर आली. अंगावरचा झगा काढून तिने घडी केली, उलटी, अस्तर बाहेर, आणि मुलीला त्यावर बसवलं. म्हणाली, भिंगरी, इथून हलायचं नाही. शंभरपर्यंत मोज, तोवर मी येते. आणि ती एकेक पायरी उतरत गेली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मागे वळून बघितलं नाही तिने. राजकन्येला बिचारीला अकरापर्यंतच मोजता यायचं. अकरा झाले की ती पुन्हा एकपासून सुरुवात करायची. संध्याकाळी राजा आला तेव्हा ती मोजतच होती.

रेडिओ थांबला. बाबांसारखाच. नव्या लग्नाच्या मुलीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. जाडजूड गृहस्थांनी टोपी काढली. मग सगळ्यांनी पायऱ्यांचे फोटो काढले.

तिने खांबाला हात लावला. दगड उन्हाने तापलेला होता आणि तिला तो चटका उशिरा कळला.

मुद्रितात चूक सापडली की तिच्या डोळ्यांना आधी कळायचं, मग तिला. आत्ताही तसंच झालं. ताप नव्हता. आई उठून गेली होती. आपल्याला घडीवर बसवून, मोजायला लावून, वळूनही न बघता. आणि बाबांनी ते तिला सोडून बसगणिक सगळ्यांना सांगितलं होतं.

गट खाली उतरला तशी ती रेडिओजवळ आली.

"ही गोष्ट त्यांनी कधी रचली?"

"मी यायच्या कितीतरी आधी. का हो? चांगली आहे ना? हिच्यासाठीच तर लोक येतात."

"दात, उलटी घडी, हे तू घातलंस?"

"छे! एक शब्द बदलला असता तर मास्तरांनी मला तळ्यात ढकललं असतं. मी म्हणालो होतो, दात कशाला, राणी सुंदर दाखवू या. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो पहिल्यांदाच अडखळला. "ताई, काय झालं?"

"जुनं माणूस कोण आहे इथे? पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचं?"

रेडिओने हनुवटीने काठाकडे दाखवलं. "नावाडीकाका. पण ते कोणाशी धड बोलत नाहीत. माझ्याशी तर मुळीच नाही."

"तुझ्याशी बोलायला फट कुठे मिळत असेल त्यांना?" ती म्हणाली. आवाज आपला आहे याची तिला खात्री वाटली नाही.

नावाडी पालथ्या नावेशेजारी बसून फळ्यांच्या फटींत डांबर भरत होता. पंचाहत्तरीचा असेल. तिने बाबांचं सांगितल्यावर त्याने मान वर केली, तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि डांबराचा डबा चुलाण्यावरून उतरवून बाजूला ठेवला.

"आलीस होय," तो म्हणाला. "मला वाटलं, तो गेल्यावर तरी येशील."

"काका, माझी आई या तळ्यात गेली ना?"

"हो."

"स्वतःहून?"

"कोण म्हणालं?"

"बाबा म्हणाले. पस्तीस वर्षं म्हणत होते. आत्ताच ऐकून आले."

म्हाताऱ्याने हातातल्या काठीचं टोक जमिनीत खुपसलं. "ती गोष्ट आहे, पोरी."

"गोष्टीत दात खरा आहे. उलटी घडी खरी आहे. माझं नाव खरं आहे."

"तेवढंच खरं आहे." तो सरकला आणि तिला नावेच्या सावलीत बसायला जागा केली. "बस. उभ्याने ऐकू नकोस."

ती बसली.

"तुम्ही दोघी रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायचात. तो वर सज्ज्यात गट घेऊन असायचा. त्याचं संपेपर्यंत तुम्ही खाली पायरीवर. त्या दिवशी ऊन होतं, म्हणून तिने कोट काढला, घडी घातली, तुला वर बसवलं. मी नाव घेऊन मधे होतो, तिकडे, भिंतीच्या अंगाला. मला दिसलं, ती वाकली. पाण्यातलं काहीतरी घ्यायला. दोन पायऱ्या उतरली. मग दिसेना."

"कशासाठी वाकली?"

"बूट पडला होता पाण्यात."

"कोणाचा?"

नावाड्याने काठीचं टोक बाहेर काढलं, बोटाने त्याची माती पुसली. "लहान होता बूट," तो म्हणाला.

ती आपल्या पायांकडे बघत राहिली. मग तिनेच विचारलं. "पाणी खोल होतं?"

"नाही गं. कमरेलाही लागलं नसतं. शेवाळावरून पाय सरकला, डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. कोणी लगेच गेलं असतं तर..."

"का नाही गेलं कोणी? मी ओरडले नाही?"

"ओरडलीस ना. आई म्हणून ओरडलीस. सात-आठ हाका मारल्यास." त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "अगं, इथे दिवसभर कोणी ना कोणी ओरडतच असायचं. गाईड लोकांकडून हाका मारून घ्यायचे. अहो, अगं, आई, बाबा, ज्याच्या तोंडात येईल ते. भिंत परत पाठवायची. त्यासाठीच तर यायचे लोक. तुझी प्रत्येक हाक दोनदा आली. मलाही वाटलं, कोणाचं तरी पोर खेळतंय. मी वल्हं मारत राहिलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज तुला सांगतोय. मी वल्हं मारतच राहिलो."

"आणि बाबा?"

"त्याची पाठ पाण्याकडे होती. पुढे तीस माणसं. गोष्ट रंगात आलेली." नावाडी आता फार हळू बोलत होता. "तुझी हाक आली, भिंतीवरून परत आली, तसा तो गटाला म्हणाला, ऐकलंत? शब्द कसा स्वच्छ येतो बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने आवाज ओळखला नाही. भिंतीवरून आलेला आवाज थोडा बदलतो. म्हणून ओळखला नाही, असं तो म्हणायचा. गोष्ट संपवून वळला, तोवर झालं होतं."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानेच सांगितलं. टाळ्यांचंसुद्धा."

तिने आठवायचा प्रयत्न केला. पायरी, कोटाचं अस्तर, पाणी, एका पायातला बूट. काहीच हाती लागलं नाही. साडेतीन वर्षांच्या त्या मुलीने हाका मारून मारून सगळं संपवून टाकलं होतं, मोठेपणासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"मग ती गोष्ट का रचली? आईने काय केलं होतं त्यांचं?"

"मीही तेच विचारलं. भांडलो त्याच्याशी. म्हटलं, सोन्यासारखी बाई, तिच्या माथी असलं का मारतोस? वर्षभर तो या तळ्यावर तोंड उघडत नव्हता, आणि एक दिवस ही राणी घेऊन आला. मला म्हणाला, पोरगी मोठी होईल. आज ना उद्या इथे येईल. कोणीतरी तिला सांगेल, तुझ्या बुटापायी तुझी आई गेली. गावाला पाठ झालंय ते. त्याच्यावर दुसरी गोष्ट इतक्या वेळा घालीन, की खालची कोणाला आठवणार नाही." नावाड्याने दुकानांच्या रांगेकडे हात केला. "आणि झालं तसं. आता इथल्या दुकानदारांना विचार. राणीची पायरी म्हणतात. तुझी आई कोणाला माहीत नाही. जे होते ते गेले. मी एक उरलोय."

"बूट झाकला त्यांनी," ती म्हणाली.

"हो."

"आणि टाळ्याही."

नावाड्याने डबा पुन्हा चुलाण्यावर ठेवला. ती उठली तेव्हा तो म्हणाला, "तुला खोटं सांगायला हवं होतं का मी?"

"नाही, काका."

"मग ठीक." थोड्या वेळाने तो पुटपुटला, "मला मेल्याला त्याच्यासारखं रचता आलंच नसतं."

ती पायऱ्यांकडे गेली. पाण्यापर्यंत गेली नाही. पायऱ्यांवर नवरा-बायको बसले होते, तो तिचा फोटो काढत होता आणि ती पाण्याकडे बघून उदास चेहरा करत होती. दोनदा जमला नाही, तिसऱ्यांदा जमला. बाबांच्या राणीला असं किती जणींनी चेहऱ्यावर घेतलं असेल, तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. आई तिला सोडून गेलेली नव्हती. हे तिने मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्याने बरं वाटायला हवं होतं. तासाभरापूर्वी ती यासाठी काहीही द्यायला तयार झाली असती. पण त्या वाक्याच्या मागून बूट येत होता, आणि बुटाच्या मागून टाळ्या. बाबांनी तिघांपैकी दोघांना सोडवलं होतं. जी बोलू शकत नव्हती तिच्यावर सगळं टाकून.

आणि तरी ते बारा महिने, तिन्ही त्रिकाळ, त्याच सज्ज्यात उभे राहिले होते. तोंड पाण्याकडे करून. रेडिओही तसाच उभा राहिला होता, हे तिला आत्ता जाणवलं. तेही त्यांनी त्याला शिकवलं असणार.

रेडिओ बसजवळ कागद घेऊन उभा होता. कारकुनाने तो त्याच्याजवळ दिला होता, काम इथल्या इथे उरकावं म्हणून. तिने बसच्या पत्र्यावर कागद धरला. पहिल्या गोष्टीपुढे सही केली. दुसऱ्या गोष्टीपुढे सही केली. तिसरी ओळ तिने एका सरळ रेघेने खोडली आणि समासात वगळायची खूण काढली, जशी रोज काढायची तशी.

"ताई!" रेडिओचा चेहरा पडला. "अहो, असं काय करता? तिसरीच तर... ताई, पहिल्या दोन गोष्टींसाठी कुत्रंही येत नाही हो! मला रागवा पाहिजे तर, पण..."

"तुझ्यावर राग नाही."

"मग माझं सांगण्यात काही चुकलं का? मी अजून हळू सांगेन."

"तू छान सांगतोस. अगदी त्यांच्यासारखं." तिने पेनाला टोपण लावलं. "पण ती उतरून गेली नव्हती."

रेडिओने पायऱ्यांकडे पाहिलं, वर सज्ज्याकडे, मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्याने दोन मापं मोठ्या कोटाची बटणं लावायला घेतली, खालून वर, एकेक.

"खरं काय ते सांगू का मग?" त्याने हळूच विचारलं. "तुम्ही सांगितलंत तर."

"नाही. तेही नको."

"मग इथे आल्यावर मी करायचं काय? गप्प उभा राहू? लोक वाट बघतात ताई, इथे आले की."

बसमधून कोणीतरी चालकाला निघायची वेळ विचारत होतं. जाडजूड गृहस्थ मागे रेंगाळले होते, आता गाईड आसपास नाही हे बघून त्यांनी तोंडापुढे हात धरले आणि जोरात, मजेत, "ओ!" केलं. भिंतीने ते परत पाठवलं. गटातली दोन-चार माणसं हसली. ती आणि रेडिओ दोघंही वळली होती.

"पायऱ्या निसरड्या आहेत असं सांग," ती म्हणाली. "लहान मुलांचा हात सोडू नका म्हणावं."

"बरं. अजून?"

"आणि तू. कोणी ओरडलं तर तू आधी वळून बघ. कोण आहे ते बघ. मग पुढे बोल."

रेडिओने मान डोलावली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि लोकांना बसमध्ये चढवायला गेला.